हिरवळीचं वर्ष गणपतीपासून सुरू होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत लॉनच्या वर्षभराच्या निगेवर आलेला लेख वाचला. मार्चमध्ये खत, एप्रिलमध्ये बी आणि तणनाशक, जून-जुलैत रोज पाणी, ऑक्टोबरात पानं गोळा करा आणि मग विश्रांती, असं महिनेवार वेळापत्रक त्यात चौकटीत दिलं आहे. ते कुठल्या गावचं आणि कुठल्या गवताचं, याचा मात्र लेखात पत्ता नाही. मी सांगली जिल्ह्यात कृषी पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. आता वर्षाचा बराचसा काळ लेकीकडे, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एडिसनला असतो आणि तिच्या घरापुढची-मागची हिरवळ माझ्या ताब्यात आहे. लेख आला त्याच दिवशी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर त्या चौकटीचा फोटो फिरला आणि संध्याकाळपर्यंत दोघा-तिघांनी खताची पोती आणून गॅरेजमध्ये टाकली. म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं.

ती चौकट पुण्या-नाशिकला लागू नाही, हे कोणीही सांगेल. माझं म्हणणं पुढचं आहे. जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो त्या मुलखासाठीही ती उलटी आहे, कारण तिने सगळा भर वसंतावर दिला आहे आणि खरा हंगाम पानं गोळा करण्यात घालवला आहे.

आपल्याकडे सोसायट्यांमधून, हॉटेलांमधून जे लॉन लावतात ते बहुतेक हरळीच्या निवड वाणांचं, नाही तर नर्सरीवाले कोरियन म्हणून देतात ते. ही सगळी उष्ण हवेची गवतं. तीस-पस्तीस अंशांत ती जोमात असतात. एडिसनच्या हिरवळीत असतं केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास. ही थंड हवेची पिकं, साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला खूश. त्यामुळे वर्षात त्यांना दोनदा बहर येतो, वसंतात आणि शरदात. मधल्या जुलै-ऑगस्टच्या उन्हात ब्लूग्रास पिवळं पडून झोपी जातं. इथे पहिल्यांदा आलेले आईवडील ते बघून हळहळतात आणि पाइप उघडतात. गवत मेलेलं नसतं. बुडाशी बोटाने माती सारून बघा, खोड पांढरट आणि घट्ट लागलं की जिवंत. पंधरा दिवसांनी अर्धा इंच पाणी मिळालं तरी ते तग धरतं आणि सप्टेंबरात आपणहून हिरवं होतं.

आता हंगामाचं. शरदातच बी का टाकायचं, याचं कारण जमिनीत आहे. ऑगस्टअखेर इथली जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते, म्हणून उगवण झपाट्याने होते, आणि वरची हवा मात्र गार व्हायला लागलेली असते, म्हणून कोवळं रोप करपत नाही. रायग्रास आठवडाभरात वर येतं, फेस्क्यूला दीड-दोन आठवडे लागतात, ब्लूग्रास तीन-चार आठवडे अंत बघतं. त्या काळात उन्हाळी तणं उतरणीला लागलेली असतात आणि ऑक्टोबरातल्या पहिल्या कडक गारठ्याला मरतात. नव्या रोपाला शरद आणि पुढचा वसंत असे मुळं वाढवायचे दोन मोसम मिळतात आणि मगच त्याला पहिला उन्हाळा बघावा लागतो. एप्रिलमध्ये टाकलेल्या बियाण्याला जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. जुलै येतो तेव्हा त्याची मुळं बोटभरही खोल गेलेली नसतात.

इथल्या मराठी मंडळींना मी एवढंच सांगतो, की गणपती बसायच्या सुमाराला बी टाका. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा शेवट हा काळ त्यात बहुतेक वेळा बरोबर सापडतो. दसऱ्यावर मात्र विसंबू नका. अधिक महिन्याच्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जातो आणि तोवर जमीन गार पडलेली असते.

याला एक पोटनियम आहे, तोही सांगतो, नाही तर कोणी तरी मला फोन करेल. २०२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो इथला सर्वांत कोरडा महिना ठरला आणि नोव्हेंबरात राज्याने दुष्काळाचा इशारा दिला. त्या वर्षी ज्यांनी बी टाकून पाणी देवावर सोपवलं त्यांचं बियाणं पाखरांनी खाल्लं. उगवणीच्या काळात वरचा अर्धा इंच थर सतत ओलसर लागतो, म्हणजे दिवसातून दोनदा हलकी फवारणी. ते जमणार नसेल तर त्या वर्षी बी टाकू नये.

बी टाकण्याआधी जमीन मोकळी करायला हवी. आमच्या भागातली माती लालसर, शेलच्या खडकाची, चिकट. मुलं खेळून खेळून ती सिमेंट होते. त्यासाठी इथे भाड्याने एक मशीन मिळतं. ते जमिनीतून मातीच्या बोटभर लांबीच्या नळ्या उपसून वर टाकत जातं. पाहणाऱ्याला वाटतं लॉनची वाट लागली. शेजारच्या काकू तर खराटा घेऊन त्या नळ्या गोळा करायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. त्या तिथेच राहू द्यायच्या, दोन पावसांत विरघळून पसरतात. पडलेल्या भोकांत बी, पाणी आणि हवा तिन्ही जातात.

वसंतात काय करायचं? खरं तर थांबायचं. आपल्या शेतकऱ्याला वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी कामाजोगी होणं, शिकवावा लागत नाही. इथे सॉफ्टवेअरवाली हुशार माणसं मार्चमध्ये बर्फ वितळून चिखल झालेल्या जमिनीवर मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरवतात आणि वर्षभर चाकोऱ्या बघत बसतात. मूठभर माती दाबून बघा, बोट लावल्यावर ढेकूळ फुटलं तर वाफसा आला. तोवर मोअरचं पातं धार लावून घ्यावं. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि शेंडे पांढरे पडतात.

वसंताचं एकच काम वेळेवर करावं लागतं, ते क्रॅबग्रासचं. हे एकवर्षायू तण, जमिनीलगत पसरणारं. जमिनीच्या वरच्या थराचं तापमान काही दिवस १३ अंशांच्या आसपास राहिलं की त्याचं बी रुजायला लागतं. थर्मामीटर नसेल तर रस्त्याकडेची फोर्सिथियाची झुडपं बघा. ती पिवळीधमक फुलली की समजा वेळ आली. उगवणपूर्व तणनाशक टाकायचं असेल तर ते फुलं गळायच्या आत. पण अशी बहुतेक औषधं क्रॅबग्रासचं बी आणि तुमचं गवताचं बी यांत भेद करत नाहीत. आपल्या चौकटीत एप्रिलमध्ये बी आणि एप्रिलमध्येच तणनाशक, दोन्ही लागोपाठच्या ओळींत छापलं आहे. दोन्ही केलं तर बियाण्याचे पैसे पाण्यात.

मार्चमधल्या खताबद्दल मला जरा रागाने लिहावं लागतंय. लवकर नत्र (नायट्रोजन) दिलं की गवत पानं वाढवतं आणि मुळांकडे दुर्लक्ष करतं. मे महिन्यात आठवड्याला दोनदा कापत बसावं लागतं आणि जुलैत तेच गवत सगळ्यात आधी माना टाकतं. आकडे बघा. न्यू जर्सीच्या कायद्यात घरमालकाच्या खताला वर्षाकाठी दर हजार चौरस फुटांना ३.२ पौंड नत्र ही कमाल मर्यादा आहे. हजार चौरस फूट म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. हिशेब केला तर हे हेक्टरी दीडशे किलोच्या वर जातं. बागायती गव्हाला आपण हेक्टरी १२० किलोची शिफारस करत होतो, आणि गव्हाचं निदान धान्य तरी घरी यायचं. इथे कमाल मर्यादा म्हणजे शिफारस असं समजून पोती रिकामी होतात.

हा कायदा २०११ च्या जानेवारीत झाला. लॉनवरून वाहून गेलेलं नत्र समुद्राकाठच्या बार्नेगॅट उपसागरात जाऊन तिथलं पाणी बिघडत होतं, हे त्यामागचं मोठं कारण. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाने खत टाकायचं नाही. जमीन गोठलेली असताना किंवा जोराचा पाऊस येणार असताना टाकायचं नाही. स्फुरद (फॉस्फरस) हवं असेल तर आधी माती परीक्षण, नवं लॉन लावताना तेवढी सूट. नत्रातला किमान पाचवा हिस्सा हळूहळू सुटणारा हवा. एवढं सगळं आपल्या लेखात दोन वाक्यांत बसलं असतं. माझा स्वतःचा हिशेब सांगतो: सप्टेंबरात एक हात, ऑक्टोबरअखेर एक हात, आणि गवत फारच फिकं दिसलं तर मेच्या शेवटी थोडं. शरदात दिलेलं नत्र गवत मुळांत साठवतं आणि पुढच्या वसंतात न मागता हिरवं होतं.

माती परीक्षणाचं नाव निघालंच आहे तर एक तक्रार. जावईबापूंनी मी यायच्या आधी लॉनची निगा एका कंपनीला दिली होती. माणूस ट्रक घेऊन यायचा, फवारायचा, कडेला फवारल्याची खूण म्हणून छोटा झेंडा रोवून जायचा, आणि दर शरदात बिलात चुन्याचे पैसे वेगळे. माती कोणी तपासली, असं मी फोनवर विचारलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, की या भागातली माती आम्लच असते. मी अंगणातून सात-आठ ठिकाणची माती काढली, सावलीत वाळवली, एकत्र करून शेजारच्या न्यू ब्रुन्सविकला रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवली. सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) ६.६ निघाला. या गवताला सहा ते सात उत्तम. स्फुरद तर गरजेपेक्षा जास्त होता. चुनाही नको आणि स्फुरदही नको, हे कळायला एका फवारणीच्या बिलापेक्षा कमी पैसे लागले. आमच्या चुनखडीच्या जमिनीत आयुष्य घालवलेल्या माणसाला चुना विकत घेऊन मातीत घालायचा म्हणजे आधीच जिवावर येतं.

या रटगर्समध्ये गवताचं संशोधन जुनं आहे. रीड फंक नावाचे तिथले पैदासकार न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गेले आणि वर्षानुवर्षं लोकांनी तुडवूनही टिकून राहिलेली रायग्रासची ठोंबं त्यांनी उचलून आणली. त्यातून १९६७ मध्ये ‘मॅनहॅटन’ हे वाण निघालं. देशी वाणाची निवड आपणही अशीच करतो. ज्याचे कोणी लाड केले नाहीत आणि तरी जे उभं राहिलं, ते घ्यायचं. दुकानात बियाण्याची पिशवी घेताना पुढचं हिरवंगार चित्र सोडा आणि मागचं लेबल वाचा. वाणाचं नाव, उगवणीची टक्केवारी, तणाच्या बियाण्याचं प्रमाण आणि चाचणीची तारीख त्यावर असते. ‘सन अँड शेड मिक्स’ एवढंच मोठ्या अक्षरात आणि वाणाचा पत्ता नाही, अशी पिशवी मी घेत नाही.

उन्हाळ्यात रोज पाणी, हे चौकटीतलं तिसरं कलम. पावसासकट आठवड्याला एक इंच पुरे, तेही पहाटे. रिकामा डबा लॉनवर ठेवून मोजा. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर पान ओलं राहतं आणि दमट उकाड्यात बुरशीचे तपकिरी गोल उमटतात. दुसरं संकट जास्त मोठं आहे, आणि सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला ते लगेच कळेल: हुमणी, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी.

इथली हुमणी जपानी भुंगेऱ्याची. हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो याच राज्यात, रिव्हरटनजवळच्या एका नर्सरीत, १९१६ साली. आपल्याकडे वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर भुंगेरे गोळा होतात, आम्ही फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात पाडायचो. इथले भरदिवसा गुलाबावर आणि द्राक्षवेलीवर बसलेले सापडतात, हिरव्या अंगाचे, तांबूस पंखांचे. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या बरणीत झटकावे. जुलैत मादी अंडी घालायला ओलसर जमीन शोधते. आजूबाजूची लॉन वाळलेली आणि तुमच्याकडे रोज पाणी, मग ती कुठे जाणार? ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मुळं खातात आणि हिरवळ हाताने ओढली तर सतरंजीसारखी गुंडाळत येते. मागोमाग रात्री स्कंक आणि रकून ही इथली रानटी जनावरं येऊन अळ्यांसाठी उकरतात, ते वेगळंच.

शंका आली तर फूटभर चौकोन तीन बाजूंनी फावड्याने कापून परता आणि अळ्या मोजा. चौरस फुटात आठ-दहापर्यंत असतील तर सशक्त गवत ते सोसतं, औषधाची घाई नको. भिंगातून शेपटीकडचा भाग बघितला तर बारीक केसांची इंग्रजी व्ही आकाराची रांग दिसते, ती जपानी भुंगेऱ्याची खूण. जावयाला मी हे दाखवलं तेव्हा तो अळीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता.

कापणीबद्दल थोडक्यात. तीन ते साडेतीन इंच उंची ठेवा आणि एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. आपल्या मुलांना लॉन म्हणजे वानखेडेचं मैदान वाटतं. बुटकं कापलं की मुळंही बुटकी राहतात आणि जमिनीवर ऊन पडून तणाचं फावतं. कापलेलं गवत पिशवीत भरून फेकू नका, जागेवरच पडू द्या. वर्षाच्या नत्रापैकी चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळतो. शरदातली मेपल-ओकची पानंही मोअरने बारीक करून तिथेच जिरवता येतात. फक्त गवत पानांखाली झाकलं जाता कामा नये. हिवाळ्यात काम नाही, दोनच पथ्यं: गोठलेल्या गवतावरून चालू नये आणि मिठाचा बर्फ फावड्याने लॉनवर लोटू नये.

तणांच्या बाबतीत माझं मत इथल्या शेजाऱ्यांना पटत नाही. पांढरा क्लोव्हर दिसला की ते फवारणीवाल्याला बोलावतात. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमच्याच कुळातला, हवेतलं नत्र जमिनीत आणणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद पानांची तणनाशकं घरोघर येईपर्यंत लॉनच्या बियाण्यात तो मुद्दाम मिसळत असत. मग ते औषध क्लोव्हरही मारतं म्हटल्यावर क्लोव्हर तण ठरला. मी तो ठेवतो. हरळी मात्र जमिनीत शिरू देत नाही. तिच्यापायी नांगरट करून, काशा (तिची जमिनीतली खोडं) वेचून, उन्हात वाळवून टेकीला आलेली माणसं मी नोकरीत रोज बघितली आहेत. इथे फुटपाथच्या कडेला, दक्षिणेच्या उन्हाला ती सापडते आणि ऑक्टोबरनंतर वाळून तांबडी होते. दूर्वांसाठी एका कुंडीत लावली आहे, थंडीत कुंडी घरात खिडकीशी. आजूबाजूची पाच-सहा घरं भाद्रपदात तिथूनच जुड्या नेतात.

लॉन हे काही थोड्यांचं खूळ आहे असं आपल्याकडच्या वाचकाला वाटेल. उपग्रहांच्या आधाराने २००५ मध्ये काढलेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेतली हिरवळ १ लाख ६० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. एवढ्या रानावर चुकीच्या महिन्यात खत पडतं, कारण दुकानात पोत्यांच्या थप्प्या मार्चमध्ये लागतात आणि माणूस चार महिने घरात कोंडून बाहेर आलेला असतो. त्याला काही तरी करायचंच असतं.

तेव्हा विनंती अशी. वेळापत्रक पुन्हा छापाल तर वर गावाचं आणि गवताचं नाव टाका. पुण्यासाठी वेगळं करा, तिथे हरळी-कोरियनची लावण मृगाच्या पावसावर होते आणि मंदीचा काळ डिसेंबर-जानेवारीचा. आणि न्यू जर्सी, इलिनॉय, इंग्लंडकडच्या वाचकांसाठीचं ऑगस्टच्या पहिल्या रविवारी छापा. मार्चमध्ये छापलंत तर लोक वाचून पुरं करायच्या आत गाडीची किल्ली शोधायला लागतील.

आपला,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ गाव ता. तासगाव, जि. सांगली)